पुस्तकभिशीत जॅकल

"भाऊजी, एका माणसाला मारायचे पाच लाख डॉलर म्हणजे जास्त झाले का हो?"

शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून देवासाठी फुलं काढता काढता असं विचारतात, तेव्हा माणसानं खरं तर दचकायला हवं. मी दचकलो नाही. आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्यांची पुस्तकभिशी झाली होती एवढं मला ठाऊक होतं. तिथं काय घडलं ते मात्र ठाऊक नव्हतं. आमची ही त्या भिशीची चिटणीस, आणि भिशीतली चर्चा घरी न्यायची नाही असा तिथला नियम. ही तो नियम पाळते. रात्री जेवताना मी दोनदा खडा टाकून पाहिला, दोन्ही वेळा पानात आणखी एक पोळी पडली. वहिनींचं तसं नाही. कुंपणाशी बोलणं म्हणजे घरी नेणं नव्हे, असा त्यांचा मुद्दा आहे आणि तो कायद्यात बसतो.

"कुणाला मारायचं त्यावर आहे," मी म्हटलं.

"द गॉलला."

"मग स्वस्तात होतंय."

"बघा! बँकवाल्या काकूही हेच म्हणाल्या."

आमच्या विश्रामबागेत पैशांच्या भिशा पुष्कळ. या बायकांनी पाच-सहा वर्षांपूर्वी आपल्या भिशीचंच पुस्तकभिशीत रूपांतर केलं. दर महिन्याला चिठ्ठी निघते, जिची निघेल तिनं पुस्तक ठरवायचं आणि खायलाही घालायचं. या खेपेला चिठ्ठी निघाली डॉक्टरीणबाईंची आणि त्यांनी लावली फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल'. १९७१ची कादंबरी. अल्जीरिया फ्रान्सच्या हातून गेला म्हणून खवळलेले काही फ्रेंच लष्करी अधिकारी, ओएएस नावाची त्यांची गुप्त संघटना, आणि राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांचा काटा काढण्यासाठी त्यांनी भाड्यानं आणलेला एक इंग्रज. त्याचं टोपणनाव जॅकल.

"काकूंनी वहीच आणली होती," वहिनी सांगू लागल्या. "त्रेसष्ट साली डॉलर होता चार रुपये शहात्तर पैशांना. म्हणजे पाच लाखांचे तेवीस लाख ऐंशी हजार. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. काकू म्हणाल्या, आमचा वरचा मजला चढवणाऱ्यानं इतक्या सरळ अटी कधी घातल्या नाहीत. पण ते पैसे उभे करायला ओएएसवाले बँका लुटतात हे वाचलं आणि काकूंची त्यांच्याबद्दलची सहानुभूती तिथंच संपली."

"आधी होती?"

"देशासाठी लढतायत म्हणून थोडी होती. बँकेला हात लावल्यावर नाही."

मी विचारलं, पुस्तक सगळ्यांनी वाचलं होतं का. वहिनींनी परडी जाळीवर टेकवली. हा प्रश्न नाजूक होता, हे टेकवण्यावरूनच कळलं.

"आजींनी वाचलं. दोनदा. त्या बाबुराव अर्नाळकरांच्या काळापहाडावर वाढलेल्या, त्यांना असली पुस्तकं म्हणजे चणे-फुटाणे. डॉक्टरीणबाईंनी वाचलं. तुमच्या हिनं वाचलं, खुणांचे कागद घालून. कोपऱ्यावरच्या सूनबाईनं पन्नास पानं वाचून प्रामाणिकपणे सांगितलं की पुढं नाही वाचलं. आणि प्राचार्यबाई..." इथं त्यांचा आवाज गोकर्णीच्या वेलाच्याही खाली आला. "प्राचार्यबाई पकडल्या गेल्या, भाऊजी."

"कशा?"

"छान बोलत होत्या. सत्ता, निष्ठा, व्यक्ती आणि राज्यसंस्था, सगळं. आणि मग म्हणाल्या, त्या डेनिसचं पात्र मला फार करुण वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोण डेनिस? सगळ्या पानं उलटतायत. डेनिस कुठंच नाही. पुस्तकात आहे जॅकलिन. डेनिस आहे ती सिनेमात."

त्र्याहत्तर सालचा फ्रेड झिनेमनचा सिनेमा, एडवर्ड फॉक्सचा. चांगलाच आहे. बाईंनी तो पाहिला आणि पुस्तक वाचल्याचा आव आणला. एवढ्या जुन्या शिक्षिकेला बदललेल्या एका नावानं पकडावं, हे मला कादंबरीच्या जातकुळीला शोभणारं वाटलं. जॅकलच्या मागावर असलेला तपास अधिकारी क्लॉड लेबेल नेमका असल्याच गोष्टींवर जगतो.

"मग काय केलं बाईंनी?"

"घोसाळ्याची भजी उचलली आणि म्हणाल्या, हो का, माझ्या आवृत्तीत डेनिस होतं."

पोर्चमधून हिचा आवाज आला. आम्ही दोघं गप्प झालो. ती माळीदादांशी बोलत होती. आम्ही पुन्हा सुरू झालो.

सूनबाईनं पुस्तक पन्नास पानांवर का सोडलं, तेही वहिनींनी सांगितलं. तिचं म्हणणं, द गॉल काही खून होऊन गेलेले नाहीत हे पहिल्यापासून माहीत असताना पुढं वाचायचं कशासाठी? पोरगी काही चुकीचं बोलली नव्हती. फोर्साइथनं ही कादंबरी १९७०च्या जानेवारीत पस्तीस दिवसांत टंकून काढली. बिआफ्राच्या युद्धाची वार्तांकनं करून परत आलेला, खिशात दमडी नाही, राहायला मित्राचं घर. तेव्हा द गॉल चांगले हयात होते, आणि प्रकाशकांनी हस्तलिखित परत करताना हीच हरकत घेतली होती. जो माणूस धडधाकट आहे त्याच्या खुनाची उत्कंठा कुणाला वाटणार? शेवटी एकानं घेतलं आणि पहिल्या खेपेला आठ हजार प्रती काढल्या. पुढं खप कुठल्या कुठं गेला. द गॉल मात्र पुस्तक बाहेर यायच्या आधीच, ९ नोव्हेंबर १९७०ला, आपल्या गावच्या घरी एकट्यानं पत्ते लावता लावता गेले.

"आजींनी तिला एका वाक्यात गप्प केलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणाल्या, अफझलखानाचं पुढं काय होतं ते तुला ठाऊक नाही होय? मग पोवाडा ऐकताना ओढणीचं टोक कशाला चावतेस?"

खरी गोष्ट तर कादंबरीच्या पहिल्या काही पानांतच संपते, आणि वहिनींना ती सगळ्यात आवडली होती. २२ ऑगस्ट १९६२. पॅरिसच्या वेशीवरचं पेटी क्लामार. द गॉल आणि त्यांची बायको इव्हॉन एका सिट्रोएन गाडीतून विमानतळाकडं चाललेत. ओएएसची टोळी शंभरावर गोळ्या झाडते. गाडीला चौदा लागतात, टायर फुटतात, मागची काच फुटते, आणि नवरा-बायकोला साधा ओरखडा नाही. कट रचणारा लष्करी अभियंता बास्तियाँ-तिरी पुढं पकडला गेला आणि ११ मार्च १९६३ला त्याला गोळ्या घातल्या. हे सगळं घडलेलं आहे. जॅकल तेवढा काल्पनिक.

मी वहिनींना त्या प्रसंगातली कोंबडीची गोष्ट सांगितली. गाडीच्या डिकीत दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी घेतलेल्या कोंबड्या होत्या. गोळीबारातून सुटून गाडी विमानतळावर पोचली, आणि इव्हॉनबाईंनी कोंबड्या ठीक आहेत ना म्हणून चौकशी केल्याचं सांगतात.

वहिनी हसल्या नाहीत. "बरोबर आहे की. दुसऱ्या दिवशी पाहुणे असणार. नवरा शेजारी बसलेला दिसतोय, बरा आहे. डिकीतलं कुठं दिसतंय?"

आता या कादंबरीबद्दल माझं मत सांगून टाकतो, कारण वहिनींनी ते विचारलं नाही. लोक तिला बंदुकीची गोष्ट समजतात. ती कागदाची गोष्ट आहे. जॅकलचा निम्मा वेळ दाखले, अर्ज, ओळखपत्रं, हॉटेलांचे तक्ते यांत जातो, आणि पोलिसांचाही. फ्रान्समध्ये तेव्हा हॉटेलात उतरणाऱ्यानं एक चिठ्ठी भरून द्यायची आणि त्या चिठ्ठ्या पोलिसांकडं जायच्या. लेबेलचा तपास म्हणजे त्या चिठ्ठ्यांचे ढीग. लंडनमध्ये पोलीस काही महिन्यांचे पासपोर्टचे अर्ज हातानं चाळत बसतात. एकही संगणक नाही, कारकुनांची फौज आहे. ज्यांनी जन्मभर खिडक्यांसमोर रांगा लावल्या, त्या आपल्या लोकांना यातला थरार पाश्चात्त्य वाचकापेक्षा जास्त कळायला हवा.

आणि भिशीत तो कळलाही. पासपोर्टचं प्रकरण आलं तेव्हा, वहिनी म्हणतात, अर्धा तास दुसरं काही चाललंच नाही. जॅकल खेड्यांतल्या चर्चच्या स्मशानांतून हिंडतो. साधारण आपल्या वयाचं, पण लहानपणीच गेलेलं पोर शोधतो. त्याच्या जन्माचा दाखला रीतसर काढतो आणि त्यावर पासपोर्टचा अर्ज टाकतो. जन्माची नोंद एका वहीत, मृत्यूची दुसऱ्या, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायची कुणाची पद्धत नाही. पासपोर्ट येतो.

"काकू उठून उभ्या राहिल्या," वहिनी म्हणाल्या. "म्हणाल्या, मी गेली कितीतरी वर्षं दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन, जिवंत असताना, जिवंत असल्याचा दाखला देते. मशीनवर अंगठा उमटत नाही. चार-चार वेळा पुसून लावते. आणि इंग्लंडात मेलेल्या पोराला पासपोर्ट!"

ही पळवाट फोर्साइथच्या कल्पनेतली नव्हती. ब्रिटनमध्ये असल्या फसवणुकीला पुढं या कादंबरीचंच नाव पडलं आणि ती बंद व्हायला दशकं लागली. मी वहिनींना जॉन स्टोनहाउसचं सांगितलं. ब्रिटिश खासदार, एकेकाळचा मंत्री. १९७४च्या नोव्हेंबरात मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून बुडाल्याचं नाटक केलं आणि मतदारसंघातल्या मेलेल्या माणसांच्या नावांवर ऑस्ट्रेलियाला पळाला. मेलबर्नच्या पोलिसांना परदेशी साहेबाचे व्यवहार संशयास्पद वाटले. पण त्यांना वाटलं, हा लॉर्ड लूकन. तो दुसरा फरार इंग्रज, घरातल्या आयाच्या खुनासाठी हवा असलेला. नाताळच्या आदल्या दिवशी धरला आणि भलताच निघाला.

"थांबा, थांबा. मेलेल्या माणसाला पकडायला गेले आणि वेगळाच मेलेला सापडला?"

"लूकन मेलेला नव्हता, बेपत्ता होता."

"तपशील नका सांगू हो. गोष्ट अशीच छान आहे."

मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. कोवाल्स्कीच्या प्रकरणावर कुणीच फार बोललं नाही, म्हणाल्या. ओएएसच्या म्होरक्याचा हा धिप्पाड, भोळसट अंगरक्षक. लेक आजारी असल्याचं पत्र पाठवून फ्रेंच गुप्तहेर त्याला रोमहून फ्रान्सात ओढतात आणि विजेचे झटके देऊन त्याच्याकडून काही तुटक शब्द काढतात. तो जगत नाही. सरकारला जॅकलचा पहिला धागा मिळतो तो असा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते प्रकरण मी दुसऱ्यांदा वाचणार नाही. यातलं सरकार काही धुतल्या तांदळासारखं नाही. तेवढ्यात चहा आला म्हणे, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

"पण लेबेल सगळ्यांना आवडला," वहिनी म्हणाल्या. "बुटका, चुरगळलेल्या कपड्यांचा, घरी बायकोपुढं तोंड वर न काढणारा. तुमची ही म्हणाली, असेच पुरुष कामाचे असतात."

मी हे मनात टिपून ठेवलं.

लेबेलची खरी डोकेदुखी बाहेर नसते, घरात असते. रोज रात्री गृहमंत्रालयात अतिगुप्त बैठक. देशातले बडे बडे अधिकारी हजर. लेबेल सगळी माहिती देतो, आणि काही तासांत जॅकलला कळतं की आपलं बिंग फुटलं. बैठकीतला एक कर्नल रात्री मैत्रिणीपाशी बढाया मारतो. ती मैत्रीण म्हणजे जॅकलिन, जवळची माणसं अल्जीरियात गमावलेली, ओएएसनं त्याच्यापाशी पेरलेली. लेबेल काय करतो? कुणावर संशय आहे हे ठरवत बसत नाही. बैठकीतल्या सगळ्यांचेच फोन ऐकायला लावतो, थेट मंत्र्यांसमोर तसं कबूलही करतो, आणि साहेब लोकांचे चेहरे पडतात.

"यावर जोरदार भांडण झालं. प्राचार्यबाई म्हणाल्या, हा खासगीपणावर घाला आहे. आजी म्हणाल्या, खासगी ठेवायचं होतं तर बोलला कशाला? तुमची ही काही बोलली नाही. नुसती एकेकीच्या तोंडाकडं बघत होती. मला तर भाऊजी, घामच फुटला."

मी कुंपणाच्या भगदाडाकडं पाहिलं. वहिनींनीही पाहिलं.

फोर्साइथला हे आतलं सगळं कसं माहीत, असंही कुणीतरी विचारलं होतं. तो १९६२-६३मध्ये रॉयटर्ससाठी पॅरिसमध्येच होता, द गॉल यांच्या मागं मागं फिरण्याचंच काम होतं, त्यांच्या रक्षकांशी ओळखी होत्या. आणि २०१५मध्ये आत्मचरित्रात त्यानं सांगून टाकलं की आपण बरीच वर्षं ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठीही कामं केली. २०२५च्या जूनमध्ये तो गेला. वहिनींना यातलं एकच खटकलं, की एवढी वर्षं बायकोला कळलं कसं नसेल.

"आता शेवट सांगा," मी म्हटलं. "शेवटाबद्दल काय झालं?"

"शेवटाबद्दल आजींनी मैदान मारलं."

शेवट असा. २५ ऑगस्ट १९६३, पॅरिसच्या मुक्तीचा दिवस. काहीही झालं तरी द गॉल या दिवशी लोकांसमोर येणार, हे जॅकलनं हेरलेलं. मोंपार्नास स्थानकासमोर ते जुन्या सैनिकांना पदकं लावणार. चौकाभोवती पोलिसांचं कडं. एक पाय वर बांधून, अंगात लांबलचक ओव्हरकोट घालून, कुबडी टेकत एक म्हातारा सैनिक येतो. मी इथंच राहतो म्हणतो, कागद दाखवतो. तरुण पोलिसाला दया येते, तो सोडतो. बंदूक कुबडीच्या नळ्यांत.

"आजी म्हणाल्या, कागदाला फसवलं, पोलिसाला फसवलं. पण इमारतीच्या दारात ती जी बाई बसलेली असते ना, काय म्हणतात तिला..."

"कॉन्सिएर्ज."

"तिला फसवायची हिंमत झाली नाही त्याची. कारण तिला प्रत्येक भाडेकरू तोंडपाठ. तिला आडवीच करावी लागली. आजी म्हणाल्या, इतका हुशार माणूस, पण खरी भीती कुणाची बाळगायची ते त्याला बरोबर कळलं होतं. आणि म्हणाल्या, त्या पोलिसाच्या जागी मी असते तर पहिला प्रश्न विचारला असता, बाबा, ऑगस्टच्या उन्हात ओव्हरकोट का?"

लेबेललाही नेमका तोच म्हातारा खटकतो, पण थोडा उशिरा. तोवर वर खिडकीत जॅकलनं नेम धरलेला असतो. यासाठी त्यानं आर्देनच्या जंगलात झाडाला खरबूज टांगून सराव केला होता. (एक अख्खं खरबूज वाया घालवलं, ही वहिनींची नोंद.) तो गोळी झाडतो, आणि त्याच क्षणी द गॉल खाली वाकतात. समोरच्या सैनिकाच्या गालांचं चुंबन घ्यायला. फ्रेंच लोकांची ती रीत. इंग्रजाच्या ध्यानीमनीही नव्हती. गोळी डोक्यामागून जाते. दुसरी संधी मिळायच्या आत लेबेल दारात.

"त्यात द गॉल साडेसहा फुटांच्या जवळ," मी म्हटलं. "खूप वाकावं लागलं असणार."

"सगळा अभ्यास केला त्यानं. बंदुकीचा, पासपोर्टचा, इमारतीचा. समारंभात कोण कुणाच्या पाया पडतं, कोण कुणाला जवळ घेतं, हे मात्र विचारलं नाही. पुरुषच ना." वहिनींनी एक जास्वंद तोडलं. "एखाद्या बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, थांब, आधी मुके घेऊ देत, मग मार."

हे वाक्य मी लेबेलला ऐकवलं असतं तर त्यानं वहिनींचा फोन पहिला ऐकायला लावला असता.

"आणि तो कोण होता ते शेवटपर्यंत कळतच नाही, हे कुणालाच रुचलं नाही. ज्या चार्ल्स कॅल्थ्रॉपवर पोलिसांचा एवढा संशय, तो खुशाल सुट्टीवरून परत येतो. मग हा कोण? अनोळखी परदेशी पर्यटक, मोटार अपघातात मेला, एवढं कागदावर लिहून पुरून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लष्करातला असणार. काकू म्हणाल्या, कोण का असेना, आगाऊ घेतलेल्या अडीच लाखांना नॉमिनी लावला होता का? आजी म्हणाल्या, मला विचाराल तर लग्नाचा माणूस. फिरतीची नोकरी आहे म्हणून घरी सांगितलेलं. बायको त्या दिवशी शेजारणीला म्हणत असेल, यंदा फारच लांबला बाई यांचा दौरा. मतं घेतली. आजी जिंकल्या."

"पुढची चिठ्ठी कुणाची?"

"त्यांचीच निघाली! त्यांनी लावलंय 'मुद्राराक्षस'. म्हणाल्या, इंग्रजांचं कौतुक पुरे, आता आपला चाणक्य. ते संस्कृत नाटक ना? मला काय कळणार त्यातलं? काहीतरी सांगा थोडं."

मी सांगितलं. विशाखदत्ताच्या त्या नाटकात कोण कुणाचा हेर हे धरून ठेवणं अवघड. गारुडी चाणक्याच्या शत्रूचा, म्हणजे अमात्य राक्षसाचा; साधू चाणक्याचा. आणि सगळा डाव उलटतो तो एका अंगठीवरून. चाणक्याचा हेर यमाचं चित्र घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतोय. एका व्यापाऱ्याच्या घरातून लहान पोर ते बघायला बाहेर धावतं. आत लपलेली अमात्य राक्षसाची बायको त्याला दाराआड ओढते, आणि ओढताना तिच्या बोटातली राक्षसाच्या नावाची मुद्रा निसटून उंबऱ्याबाहेर पडते. ती मुद्रा चाणक्याकडं जाते, खोटं पत्र तयार होतं, आणि राक्षसाला शेवटी चंद्रगुप्ताचं अमात्यपद पत्करावं लागतं.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पोराला घरात घेताना."

"हो."

"हे मी पुढच्या भिशीत सांगणार. अगदी सुरुवातीलाच."

"हिनं विचारलं कुठून कळलं, तर?"

"सूत्राचं नाव सांगायचं नसतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि परडी उचलून पूजेला गेल्या.